विमान उतरेपर्यंत

बाबा, आज रविवार आहे आणि सकाळपासून आमच्या घरावरून अमेरिकन विमानं जातायत. कायझर्सलाउटर्नला राहायचं म्हणजे हे आलंच. त्यांचा लष्करी तळ इथून जवळ आहे, आणि ती अवजड मालवाहू विमानं खाली येऊ लागली की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी हलतात. तुम्ही असतात तर खिडकीशी उभं राहून नुसत्या आवाजावरून इंजिनं किती ते सांगितलं असतंत, आणि वर 'डावीकडचं एक जरा कुरकुरतंय' असा शेराही मारला असतात. ओझरच्या कारखान्यात आयुष्यभर रशियन बनावटीची लढाऊ विमानं तपासलीत तुम्ही, आणि तुमची मुलगी पन्नाशीत अमेरिकन विमानांखाली पोळ्या लाटते आहे. तुम्हाला याचं हसू आलं असतं की राग, ते मला ठरवता येत नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मी फार दमलेय, म्हणून लिहायला बसले.

मला ओझरचा एक दिवस सारखा आठवतोय. शाळेला सुट्टी आहे, तुम्ही डबा विसरलात म्हणून आईनं मला कारखान्याच्या फाटकावर पाठवलंय. वॉचमनकाका म्हणतात, "बस बाळ, बाबांचं विमान वर गेलंय, आत्ता यायचे नाहीत ते." जाळीतून लांबवर धावपट्टीच्या कडेला तुम्ही दिसता, रणरणत्या उन्हात, आणि तुमच्या शेजारी तांबडेलाल झालेले रशियन साहेब. दोघंही मान वर करून उभे. त्या विमानाच्या तपासणीवर तुमचा आणि साहेबांचा शिक्का होता, आणि आपला शिक्का असलेलं विमान पहिल्यांदा वर गेलं की ते उतरेपर्यंत चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा नियम कारखान्याचा नव्हता, तुम्हा दोघांचा होता. मला काय माहीत! वॉचमनकाकांनी बशीत चहा ओतून दिला, मी फुर्र करून प्यायले. संध्याकाळी तुम्हाला ते कळलं आणि तुम्ही मला म्हणालात, "वर माणूस असताना खाली चहा पितेस?" नऊ वर्षांच्या पोरीला हे बोलायचं? मी रात्री जेवले नाही. तुम्ही समजूत काढायलाही आला नाहीत, तो तुमचा स्वभावच नव्हता.

साहेब आपल्याच कॉलनीत राहायचे. त्यांच्यामुळे तुम्ही कारखान्यातल्या वर्गात रशियन शिकलात आणि आईच्या आमटीला 'खराशो', म्हणजे छान, म्हणू लागलात. ते कौतुक आहे की खोडी, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचा मुक्काम संपला तेव्हा आईनं साहेबांच्या बायकोची खणानारळानं ओटी भरली. पदर नव्हता, म्हणून त्या बाईंनी डोक्याचा रुमाल सोडून पुढे पसरला. त्या रडल्या, आई रडली, आणि तुम्ही दोघं अंगणात जाऊन धडधाकट स्कूटर दुरुस्त करत बसलात. पुढं दरवर्षी नव्या वर्षाचं कार्ड यायचं आणि त्यावरचं गावाचं नाव तुम्ही मला अक्षर लावून वाचायला लावायचात. खारकोव. आपला देश अलिप्त आहे, असं शाळेच्या पुस्तकात होतं, पण आपल्या घरात अलिप्त कोणीच नव्हतं. अमेरिकेचं नाव निघालं की तुमचा आवाज चढायचा. रशिया-अमेरिका दोघांकडे अख्खी पृथ्वी जाळून टाकतील इतके अणुबॉम्ब आहेत हे तुम्हीच मला सांगितलंत, आणि मी घाबरले तेव्हा म्हणालात, "अगं, दोघांच्याही घरी पोरंबाळं आहेत. नाही टाकणार कोणी." मी लगेच झोपले. मग साहेबांचा तो एवढा मोठा देश फुटला. सुटे भाग येईनासे झाले, कार्डही येईनासं झालं, आणि तुम्ही निवृत्त होईपर्यंत कोणाशी त्याबद्दल अवाक्षर बोलला नाहीत.

मला वाटलं होतं, ते सगळं तुमच्याबरोबर संपलं. मी इथं नोकरीला आले तेव्हा इथले लोकही तसंच बोलायचे. आमच्या घरमालकीणबाई तरुणपणी अमेरिकन क्षेपणास्त्रांविरुद्ध रस्त्यावर बसल्या होत्या, पोलिसांनी उचलून बाजूला ठेवलं होतं म्हणे. नंतर त्यांनी वरचा मजला अमेरिकन सैनिकांनाच भाड्यानं दिला. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "आल्झो," म्हणजे 'हे बघ', "जिना स्वच्छ ठेवतात." आता पुन्हा सगळीकडे रशिया, अणुबॉम्ब, तळघरात किती पाणी साठवायचं, हीच चर्चा. बाई परवा कुंड्यांना पाणी घालताना नुसतं "शोन विडर" म्हणाल्या, म्हणजे 'पुन्हा तेच', आणि आत निघून गेल्या. मलाही अगदी तसंच होतं. तेच भय, त्याच धमक्या, आणि आता माझ्याकडे 'नाही टाकणार कोणी' म्हणणारं माणूस नाही.

आणि आता खरी गोष्ट. तुमची नात, जिनं तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय, अठरा वर्षांची झाली. तिला जर्मन हवाई दलात जायचंय. विमानांच्या देखभालीचं काम शिकायचंय. कोणी सक्ती केलेली नाही, आपणहून. मी मराठीत ओरडते, ती मला इथल्या पोरांसारखं 'मामा' म्हणत जर्मनमध्ये शांतपणे उत्तर देते. आमची भांडणं अशीच होतात. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? ती म्हणाली, "आबर ओपा आउख!" म्हणजे आजोबांनीही हेच केलं की. बाबा, मग मी तुम्हालाच पुढं केलं. म्हटलं, आजोबांनी रशियन माणसाच्या शेजारी उन्हात उभं राहून आयुष्य काढलं, आपल्या घरात त्यांचं जेवणखाण होतं, आणि तू त्याच माणसांच्या विरुद्ध उभी राहणार? तिनं विचारलं, ते साहेब कुठले होते. मी ऐटीत सांगितलं, खारकोवचे. ती म्हणाली, "मामा, ते युक्रेनमध्ये आहे."

मी पोळपाटासमोर होते, पोळी तव्यावर होती. बातम्यांत ते नाव जरा वेगळ्या उच्चारात रोज ऐकत होते, तिथल्या पडलेल्या इमारती बघत होते, आणि आपल्या साहेबांशी ते कधी जोडलंच नव्हतं. आपल्या कॉलनीत तिकडून आलेला प्रत्येक माणूस रशियन. तुम्ही तरी कधी फरक केलात? त्यांनी कधी सांगितलंही असेल, आपण ऐकलं नसेल. ओटीसाठी रुमाल पसरणारी ती बाई जिवंत असेल का, असली तर कुठल्या तळघरात असेल, हे माझ्या आता पोळ्या लाटताना, मीटिंगमध्ये, सारखं मनात येतं. पोरीनं मात्र 'बघ, जिंकले' असा चेहरा केला नाही. तिनं गॅस बंद केला, कारण तव्यावरची पोळी जळत होती, आणि मला म्हणाली, आजोबांना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर मी विषय काढला नाही.

शुक्रवारी तिची वैद्यकीय तपासणी होती, इथं तिला मुस्टरुंग म्हणतात. डोळे, कान, पाठ, सगळं बघतात. संध्याकाळी ती दारातूनच ओरडत आली, पास! माझ्या गळ्यात पडली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, शिरा कर." मी केला. केळं घातलं, तूप सढळ हातानं घातलं, आणि तिच्या ताटलीत वाढताना हसलेसुद्धा. शाळेच्या पहिल्या परीक्षेपासून मी तिच्या प्रत्येक पेपरला देवासमोर दिवा लावत आलेय. गुरुवारीही लावला होता, बाबा. पाच नारळ बोलले होते, ती नापास व्हावी म्हणून.

हे तिला कधी कळू नये.