वर्ग छान चाललाय

माननीय शिक्षणाधिकारी साहेब,

परवा तुम्ही घणसोली गावातल्या आमच्या शाळेत आलात. दुसरीच्या वर्गात डोकावून मला म्हणालात, "छान चाललाय वर्ग. बाई, असंच चालू ठेवा." मी नुसतं "हो सर" म्हटलं. साहेब, मी बाई नाही. मागच्या बाकावरच्या मनस्वीची आई आहे.

दिवाळीनंतर वर्गाच्या बाईंना मतदार यादीच्या कामाला नेलं, त्या परतल्याच नाहीत. मुलं नुसती बसून राहायची. पालक त्यांची नावं काढून घेऊ लागले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "भाविका, तू ग्रॅज्युएट आहेस. थोडे दिवस वर्गावर बस, नाहीतर पट कमी म्हणून शाळाच बंद करतील." आमच्या घरात पहिली पदवीधर मीच. मला वाटलं, शिक्षण यासाठीच तर असतं. सासूबाई रोज टोमणा मारतात, "पोरीला सोडाया जातेस, का तुला नोकरी हाय तिथं?"

तुम्ही गेल्यावर मी मुख्याध्यापिकांना विचारलं, नवीन बाई कधी येणार? त्या म्हणाल्या, "साहेबांना वर्ग चालू दिसला. आता कशाला पाठवतील?"

म्हणजे मी जात राहिले तर बाई येणार नाहीत, आणि थांबले तर मुलं जातील. खरं कळवलं तर कारवाई मुख्याध्यापिकांवर होईल. म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही.

थकलेय साहेब. उद्यापासून जायचं नाही असं आज ठरवलंच होतं. तेवढ्यात मनस्वीनं विचारलं, "आई, उद्या तीनचा पाढा घेणार ना? सगळ्यांनी पाठ केलाय."

तिलाही मी हो म्हटलं.

आपली,
भाविका
मनस्वीची आई