माझ्या अंगावर बेतलेले कपडे

३ फेब्रुवारी, सोमवार

आजही सांगितलं नाही.

घरून ठरवून निघाले होते — चहा झाला की लगेच सांगून मोकळं व्हायचं. चहा झाला. तेवढ्यात मास्तर नव्या ड्रेसचा नमुना घेऊन आले, नुसत्या कच्च्या टाक्यांवर जोडलेला, आणि मी लाकडी ठोकळ्यावर चढले. हात वर. हात खाली. आता बसा. वाकून दाखवा. काखेत काचतंय का?

काचतंय, मी म्हटलं. मुंढा जरा खाली घ्या.

मास्तरांनी खडूने खूण केली. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "बघा मास्तर, आमची राणी तोंड उघडते म्हणून आपले कपडे खपतात. दुकानातला पुतळा कधी काचतंय म्हणून सांगेल का?"

एवढं ऐकल्यावर माझं तोंड कसलं उघडतंय!

अकरा वर्षं झाली, तरी काय काम करते असं कोणी विचारलं की मी अडखळते. उभं राहायचं काम करते. ताईंच्या कारखान्यात फक्त मोठ्या मापाचे कपडे होतात, आणि प्रत्येक कपडा आधी माझ्या अंगावर बेतला जातो. माझं माप हे मूळ माप. त्यावरून बाकीची काढतात, एक खाली, दोन वर.

आणि आता तेच माप मोडायला निघाले आहे मी. ऑपरेशनची तारीख मिळाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात. जठराचा बराचसा भाग काढून टाकतात. वर्षभरात माणूस अर्धं होतं म्हणे.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज ताईंना ताप होता, म्हणून नाही सांगितलं. — ताप कुठला, नुसता खोकला होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आई डोळे चोळत चहा करत होती. झोप झाली नव्हती, माझ्यामुळेच. झोपेत माझा श्वास मधेच थांबतो, मला कळतही नाही. आई शेजारच्या खाटेवरून हात लांब करून मला हलवते. मग मी एक मोठा घोट घेतल्यासारखा श्वास घेते आणि परत घोरायला लागते. तिचं मात्र तिथून पुढे जागरण.

मी म्हटलं, "आई, तू बाहेरच्या खोलीत झोपत जा."

ती म्हणाली, "आणि तुला हलवणार कोण? मी आहे तोवर हलवीन. मी गेल्यावर?"

हेच वाक्य डॉक्टरांनी वेगळ्या भाषेत सांगितलं होतं. साखर, गुडघे, झोप — सगळं एकेक करून. मी मान हलवत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, ताईंना काय सांगू.

आई म्हणते, पित्ताशयाचं ऑपरेशन आहे म्हणून सांग. कोण पोट उघडून बघायला येणार आहे?

पण ताईंशी खोटं बोलायचं? त्या पहिल्यांदा भेटल्या त्या दिवशी मी एका कपड्यांच्या दुकानात गेले होते. विकणाऱ्या मुलीने गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मोठ्याने सांगितलं, "तुमच्या मापाचं आमच्याकडे काहीच नाही हो." मी बाहेर येऊन पायरीवर बसले. पाठोपाठ एक बाई आली, माझ्याएवढीच, तीही रिकाम्या हातांची. शेजारी टेकली आणि म्हणाली, "मला पण हाकललं." आम्ही इतक्या हसलो, इतक्या हसलो, की पायरीवरून उठता येईना. शेवटी एकमेकींना ओढून उभं केलं. त्याच महिन्यात त्यांनी दोन शिलाई मशीन घेऊन काम सुरू केलं आणि मला बोलावून घेतलं.

त्यांच्याशी नाही बोलता येणार मला खोटं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

जेवणानंतर ताई टेबलाशी कापडाचे तुकडे उजेडात धरून बघत होत्या. मी आत गेले आणि दार लोटलं. त्या हसल्या. "काय गं, दार लावतेस? लग्न ठरलं की काय तुझं?"

मी म्हटलं, "ताई, मार्चमध्ये मला तीन आठवडे रजा पाहिजे. ऑपरेशन आहे."

हातातला तुकडा टाकून त्या उठल्या. माझे दोन्ही दंड धरले. "काय झालंय? गाठ आहे का कुठे? खरं सांग मला."

किती सोपं होतं तेव्हा! नुसतं पित्ताशय म्हणायचं. त्यांनी मला मिठी मारली असती, रोज फोन केला असता.

"वजनाचं ऑपरेशन आहे," मी म्हटलं.

त्यांचे हात माझ्या दंडांवरून निघाले. झटकून नाही काढले. हळूहळू निघाले. तेच जास्त लागलं.

"कोणी बोललं का तुला काही?"

"नाही."

"मग?"

मग मी सगळं सांगितलं. श्वासाचं, आईच्या जागरणाचं, गुडघ्यांचं. ठोकळ्यावर चढताना हल्ली मास्तरांचा खांदा धरावा लागतो, हेही सांगितलं. त्या खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "आणि याला तू रजा म्हणतेस?"

"तीनच आठवडे, ताई."

"रजेवर गेलेलं माणूस परत येतं. तू कुठे परत येणार आहेस? येईल ती दुसरीच कोणीतरी बाई. तिला ठोकळ्यावर चढवून मी काय करू?"

"दुसरं काही काम द्या. शिवणी तपासेन. घड्या घालेन."

"इतकी वर्षं मी बायकांना एकच सांगत आले. माप कपड्याचं बदला, स्वतःचं नाही. बाहेर भिंतीवर रंगवून घेतलंय ते. उद्या त्यांनी विचारलं, तुमची राणी कुठे गेली, तर मी सांगू काय?"

"सांगा, तिला जगायचं होतं."

कुठून आलं हे माझ्या तोंडात? निघून गेलं आणि मग कळलं काय बोलले ते. ताईंचं वजन माझ्याहून जास्तच आहे. कानाखाली बसावी तसा चेहरा झाला त्यांचा. मला माफी मागायची होती, पण कशी मागायची? तुम्हीही जगाल असं म्हणायचं?

त्यांनी खाली पडलेला तुकडा उचलला, घडी केली आणि म्हणाल्या, "लेखी अर्ज द्या."

द्या! अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अर्ज दिला. "ठेवा तिथे," म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज मंजूर झाला. सही करून मास्तरांच्या हाती पाठवला. वर लिहिलंय — परत आल्यावर जागा असेल तसं काम बघू.

चहा आता मी मशिनवाल्या बायकांबरोबर घेते. त्या काही विचारत नाहीत, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. एकीने हळूच बिस्किट पुढे केलं आणि मग एकदम हात मागे घेतला. "चालतं का गं तुला?" मला हसू आलं. ती पण हसली. आठवडाभरात हसायला मिळालं ते एवढंच.

ताई ये-जा करतात. बोलतात, कामाचं सगळं बोलतात. "मास्तर, त्यांना सांगा, निळा ड्रेस घालून बघा." मी समोरच उभी असते, आणि निरोप मास्तरांमार्फत! मास्तर बिचारे माझ्याकडे बघतात, त्यांच्याकडे बघतात आणि तोच निरोप परत मला सांगतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून नुसतं पातळ खायचं. डॉक्टरांचा हुकूम आहे, ऑपरेशनपर्यंत असंच.

अंघोळ करताना पोटावर साबण लावला आणि रडायला लागले. कोणासाठी? पोटासाठी! हे कोणाला सांगायची सोय आहे का? लहानपणापासून ज्याच्या नावाने सगळ्यांनी बोटं मोडली, ते एका कारखान्यात कामाचं ठरलं होतं. त्याच्यावर टाचण्या लावून मास्तर दोन पावलं मागे जायचे आणि म्हणायचे, "वा." माझ्याकडे बघून वा म्हणणारी जगात तेवढी एकच जागा होती.

आईने दारावर थाप मारली. "बरी आहेस ना?"

"डोळ्यात साबण गेला," मी म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवी आली.

पंचविशीची असेल. आल्या आल्या सगळ्यांना नमस्कार केला, अगदी इस्त्रीवाल्यालाही. ताईंनी तिला मास्तरांच्या हवाली केलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही तिला जरा समजावून द्या."

ती ठोकळ्यावर चढली आणि पोट आत ओढून उभी राहिली. श्वास कोंडून. मी पण पहिल्या दिवशी अशीच उभी होते. तेव्हा ताई माझ्या पोटावर चापट मारून म्हणाल्या होत्या, "सोड गं ते. इथे लपवायचं नाही काही." आज मी वाट बघितली. ताई तिथेच होत्या. हातातल्या टेपची गुंडाळी करत राहिल्या.

शेवटी मीच म्हटलं, "पोट सोड."

तिने सोडलं.

मग तिला शिकवलं. काचत असेल तर काचतंय म्हणायचं. छान आहे, छान आहे असं म्हणत बसू नको, छान म्हणायला गिऱ्हाईक आहे. बसून बघ, वरच्या फळीवरचं काढल्यासारखा हात कर, चपलेचा पट्टा लावल्यासारखी वाक. तू आज गप्प बसलीस तर कुठेतरी कोणी बाई दिवसभर अवघडून बसेल. ती मन लावून ऐकत होती. गुणी आहे. वाईट असती तर बरं झालं असतं.

वळून बघते तर ताई आमच्याकडेच बघत होत्या. डोळे लाल. मी पाऊल पुढे टाकलं, तशा आत निघून गेल्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. रजेआधीचा, असं लिहायला हवं.

मास्तरांनी निरोप कसा दिला — चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुमच्या खांद्याची उतरण माझ्या हातात बसलीय. डोळे मिटून कापतो मी. आता या वयात नवा खांदा शिकायचा म्हणजे..." कात्री तेलाने पुसत बसले. ती आधीच स्वच्छ होती.

ताईंच्या दाराशी गेले. "निघते, ताई."

मान वर न करता म्हणाल्या, "हो. काळजी घ्या."

उंबऱ्यात थांबले थोडी. पंखा फिरत होता. निघाले.

रस्त्यात कोपऱ्यावर एक बाई दिसली. अनोळखी. आमचा मागच्या वर्षीचा हिरवा ड्रेस घातलेला, एका हातात पिशव्या, दुसरा हात वर करून कोणाला तरी बोलावत होती. बाही कुठेही ओढत नव्हती. तो मुंढा आम्ही तीनदा उसवला होता. तिसऱ्यांदा मी हात वर केला तेव्हा ताईंनी टाळी वाजवली होती.

त्या बाईच्या मागे मागे गेले थोडं अंतर. मग ती वळली, आणि मी घरी आले.

४ मार्च, मंगळवार

उद्या सकाळी. बॅग भरली. आईने त्यात नको नको म्हणताना दोन शाली कोंबल्या.

ताईंचा फोन नाही. मी करणार होते. नंबर काढला आणि ठेवून दिला. काय बोलायचं? जे म्हणायला नको होतं ते खरं होतं, आणि तेच तर परत घेता येत नाही.

६ मार्च, गुरुवार

झालं. दुखतंय. बाटलीच्या झाकणाएवढं पाणी, घोट घोट. आई शेजारी खुर्चीत झोपली आहे, तोंड उघडं टाकून, गाढ.

७ मार्च, शुक्रवार

ताई आल्या.

आई औषधं आणायला खाली गेली होती. मला उठून बसायचं होतं आणि जमत नव्हतं. ताईंनी पर्स खाली ठेवली. "सरळ उठू नको. आधी कुशीवर वळ. उशी पोटाशी दाबून धर. आता कोपरावर जोर दे — हं."

बसले. सिस्टर बघत होती. "तुम्ही नर्स आहात का?" तिने ताईंना विचारलं. ताई नाही म्हणाल्या.

सिस्टर गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि अंगातला शर्ट वर केला. पोटावर पाच बारीक खुणा. जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. माझ्या जिथे आहेत तिथेच.

"तू भेटायच्या आधी," म्हणाल्या. "गेलेलं सगळं वजन परत आलं, राणी. तुझंही परत यावं असं वाटत होतं मला. रोज वाटत होतं. ते सांगायला आले."