माय नाही म्हणत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आली बाप्पा एकदाची अमरावतीला! अकोल्याहून निघालेली एसटी मूर्तिजापूरला अर्धा तास उभी, कारण ड्रायव्हरसाहेबांचा चहा संपत नव्हता. स्टँडवर रागिणी स्कूटी घेऊन हजर. रागिणी म्हणजे कॉलेजात तीन वर्षं माझ्या बाकावर बसलेली. गेलं वर्षभर तिचा फोन नाही की मेसेज नाही, आणि गेल्या महिन्यात एकदम फोन, की आमच्या कंपनीत जागा आहे, तुझ्याशिवाय दुसरी कोणी नको. फार वाळली आहे. जेवत नाहीस का गं, म्हटलं, तर नुसती हसली.

कंपनी म्हणजे बडनेरा रोडच्या एका कॉलनीतलं दुमजली घर, सहा माणसं आणि मालक अद्वैत सर. कॉम्प्युटरवरचा गेम बनवतात, नाव 'सातवेशी'. सात वेशींचं जादूचं नगर, खेळणारा त्यात हिंडतो, लढतो, आणि सातव्या वेशीवर माय बसली आहे तिला नवस बोलतो. दोन वर्षांपूर्वी सरांनी व्हिडिओत सांगून टाकलं, की ही माय प्रत्येकाचं ऐकेल आणि प्रत्येकाला उत्तर देईल. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता चाळीस हजार लोक अर्धवट गेम खेळत वाट पाहून राहिले आणि माय काही तयार नाही. त्या लोकांना सांभाळायचं हे माझं काम. त्यांच्या आशा फुगूही द्यायच्या नाहीत आणि फुटूही द्यायच्या नाहीत.

ओळखपत्रासाठी फोटो काढले. समोरून, बाजूनं, हसून, रागावून, चाळीसेक तरी असतील. आवाजही घेतला, पानभर मजकूर वाचायला लावून. म्हटलं, ओळखपत्र आहे की लग्नाचा अल्बम? मग रागिणीनं वरच्या खोलीत नेऊन चक्क माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर. अगं, माझं लग्न कुठं झालं, कुमारिकेची कोणी ओटी भरतं का, म्हटलं. ती म्हणाली, इथली पद्धत आहे, घे. कोपऱ्यात शेंदूर लावलेला एक दगड होता. दर्यापूरकडच्या एका उठून गेलेल्या गावाच्या वेशीवरून सरांनी आणलेला. त्यावरूनच त्यांना माय सुचली म्हणे.

संध्याकाळी रागिणीच्या खोलीवर त्याच तांदळाची खिचडी टाकली, वरून नारळ किसून. तिचा सोमवार होता, म्हणून मी एकटीनंच पातेलं साफ केलं. ती समोर बसून शेवटच्या घासापर्यंत पाहत होती. परक्या गावात आपलं माणूस असलं की किती बरं वाटतं.

झोपण्याआधी आचलचा फोन. धाकटी माझी, बी.कॉम. होऊन घरात बसली आहे. तिचं एकच, ताई, मलेही तिथं काम पाह्य ना. होईल, म्हटलं.

७ फेब्रुवारी

काम जमून राहिलं. सरांचे नियम दोनच. तारीख द्यायची नाही आणि 'नाही' म्हणायचं नाही. 'होईल' लिहायचं. लहानपणी बाजारात आई 'येताना घेऊ' म्हणायची ना, तेच हे. सांगलीचे एक डॉक्टर रोज विचारतात, घोड्याला पोहता येईल का. होईल. एका बाईला नगराच्या राजाला गादीवरून खाली ओढायचं आहे. होईल, ताई, होईल!

पण मायवरून लोक चिडले आहेत. सर म्हणाले, ती तयार होईपर्यंत नवसांची उत्तरं तिच्या नावानं तूच दे, आठवडाभराचा प्रश्न आहे. मी म्हटलं, मग माणूस लिहून राहिला हे सांगून टाकू. ते म्हणाले, नंतर सांगू. पटलं नाही, तरी बसली लिहायला. रागिणी शेजारीच डबा खात होती. तिच्या गालावर रंग आला आहे आता.

१४ फेब्रुवारी

आधी नवस मजेचे यायचे. जादूची तलवार, सोन्याचा किल्ला. आज धारणीचे किसनराव आले. रिटायर्ड मास्तर, वेळ जात नाही म्हणून खेळतात. त्यांच्या जमुनाबाईंना वर्षापूर्वी झटका आला, तेव्हापासून वाचा गेली. लिहिलं होतं, माय, तिनं एकदा तोंड उघडावं, तुझी ओटी भरीन.

तासभर हात उचलला नाही. सरांना विचारलं, यांना तरी सांगू ना की हा खेळ आहे. सर म्हणाले, माय नाही म्हणत नाही. मग लिहिलं, होईल. लाज वाटली मला माझी. म्हाताऱ्या माणसाला फसवलं मी.

२१ फेब्रुवारी

किसनरावांचं पत्र आलं. त्या बोलल्या!

पहिला शब्द, होईल. चार दिवस झाले, दुसरा शब्द नाही. पाणी पाहिजे का, होईल. दुखतं का, होईल. किसनराव आनंदानं रडून राहिले.

लगेच त्यांना लिहिलं, काका, मी माय नाही, मी अकोल्याची प्रणाली आहे, काकूंना डॉक्टरकडे न्या. पाठवलं. पडद्यावर एकच शब्द उमटला, होईल. पाच वेळा पाठवलं. पाचही वेळा तेच.

२७ फेब्रुवारी

आज गेमची नवी आवृत्ती आली. सातव्या वेशीवर माय बसली आहे आणि तिचं तोंड माझं आहे. झोक्यावरून पडल्याची भुवईवरची खूणसुद्धा. आवाज माझा. मला न विचारता!

सर म्हणाले, पहिल्या दिवशी सही केलीस ना कागदांवर. रागिणीकडे धावली तर तिचं टेबल रिकामं. खोलीवर गेली तर तिचे कपडे नाहीत, गादी नाही. मग ऑफिसातली जुनी, लोकांना कधी न दिलेली आवृत्ती उघडून पाहिली. त्यातली माय म्हणजे रागिणी. वाळलेली, डोळे खोल गेलेली, वर्षभर फोन न करणारी रागिणी.

फोन लावला. उचलला तिनं. मागून कुकरची शिट्टी, कोणाचं तरी हसणं. मी ओरडली, रडली, तिला नाही नाही ते बोलली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सावकाश म्हणाली, "जागा रिकामी राहत नाही, प्रणाली. मलेही कोणीतरी बसवलंच होतं."

मग तिनंच सांगितलं, कुमारिकेची ओटी भरली की ती देवी होते म्हणे. त्या जागेवरून उतरायचं असेल तर तेच तांदूळ, तोच नारळ त्या शेंदराच्या दगडापुढं परत ठेवायचा. मी तर खिचडी करून खाल्ली, आणि ती समोर बसून पाहत होती. नाहीतर दुसरीची ओटी भरून सुटायचं. सख्खी मैत्रीण म्हणायची मी तिला. एका डब्यात जेवलो आम्ही.

२ मार्च

फोनवर आता मला बोलता येत नाही. समोरही नाही. तोंड उघडलं की एकच शब्द.

आईनं विचारलं, जेवलीस का. होईल. बरं आहे ना. होईल. आई हसली, म्हणाली कामात दिसतेस.

स्टँडवर जाऊन एसटीत बसली. कंडक्टरनं विचारलं, कुठं. होईल. लोक हसले. चिठ्ठीवर 'अकोला' लिहून दिलं. त्यानं वाचून परत केली. माझ्याच अक्षरात, होईल. खाली उतरवलं मला.

फक्त इथं लिहिता येतं. नाही. नाही. नाही. माझ्यापुरतं आहे तोवर माझं आहे, दुसऱ्याला दाखवायला गेली की बदलतं.

४ मार्च

नवस दिवसाला हजार. आता कोणी तलवार मागत नाही. पोट दुखतं, पोरगी घरी येऊ दे, बाप मरू दे— सगळ्यांना होईल. मी टाइप करत नाही. हात टेबलावर आहेत, तरी उत्तरं जातात.

वाळून राहिली मी. आरशात पाहिलं. रागिणी दिसते.

५ मार्च

आचलचा मेसेज. ताई, तुझा आवाजातला मेसेज मिळाला, काम पाहिलंस म्हणून सांगितलंस, उद्या सकाळच्या एसटीनं निघते.

मी पाठवला नाही. मी नाही पाठवला!

नको येऊ लिहिलं. नको येऊ. काय गेलं ते माहीत आहे.

तिनं नाचणारी बाहुली पाठवली.

६ मार्च, दुपार

आली. सर घेऊन आले स्टँडवरून. वरच्या खोलीत सतरंजीवर बसली आहे, आईनं दिलेल्या पुरणपोळ्या काढून राहिली. म्हणते, किती वाळलीस ताई. मग म्हणाली, मले घेतील ना नक्की?

होईल, म्हणाली मी.

ताटात खण, नारळ, तांदूळ. मी मांडलं नाही. भरली की मी सुटते— हे मी लिहिलं. तिच्या सख्ख्या बहिणीनं. रागिणीला शिव्या दिल्या तिनंच.

नाही. नाही भरणार.

हात ताटाकडे जाऊन राहिला. डावा. उजव्यानं लिहिते आहे तोवर—

मूठ भरली.

आचल ओढणी पसरून हसते आहे. म्हणते, "ताई, ओटी काहून? माझं लग्न कुठं झालं?"

वही तिच्यापुढं करते. आचल, वाच. तांदूळ घेऊ नको. खाऊ तर मुळीच नको. ऊठ, आईकडे जा, माझं ऐक, माझं काही झालं तरी तुझं सगळं नीट होई—