तपकिरी रस्ता नंबर आठशे

१ जानेवारी १९९६, सोमवार. पहाटे.
नवीन वर्ष, नवीन वही, नवीन सायकल. सायकल गिअरची! तंजावुरात असली एकच आणखी आहे, डॉक्टरांच्या मुलाची, आणि तो ती चालवत नाही, नुसती पुसतो. रोजनिशी मराठीत लिहितोय. घरात सगळे मराठी बोलतात, पण वाचायचं म्हटलं की कृष्णवेणीला तमिळच येतं. बायकोबद्दल मोकळेपणाने लिहायला ही सोय फार छान आहे.
संकल्प: रोज तिरुवैयारुपर्यंत जाऊन येणे. एप्रिलमध्ये कोल्लीमलै, म्हणजे सत्तर वळणांचा घाट. आमचे पूर्वज सह्याद्रीतून घोड्यावर आले. चढ आमच्या रक्तातच आहे. मधल्या पिढ्या इथल्या सपाटीवर बसून भात जेवल्या, त्याने रक्त काही बदलत नाही.

२ जानेवारी
गेलो नाही. मंगळवार.

४ जानेवारी
गेलो! वाटेत पाच नद्या, पाच पूल. आमच्या मुलखात चढ म्हणून जो काय असतो तो पुलाचाच. म्हणजे जाताना पाच घाट, येताना पाच. वेण्णारच्या पुलावर उतरलो आणि सायकल हातात धरून चाललो. दमलो म्हणून नव्हे. नदी दुथडी भरून वाहतेय, ते दृश्य सीटवर बसून घाईघाईत बघणं बरं नव्हे. पुढच्या पुलांवरही उतरलो. तिथेही नद्या होत्या.

१० जानेवारी
तिरुवैयारुला आराधनेच्या संगीत उत्सवाची गर्दी. सायकल घालायला जागा नाही. घरीच आराम.
ऑफिसात प्रमोशनची यादी लागली. सुब्रह्मण्य ऑफिसर झाला. मी ज्याला फाइल कशी बांधायची ते शिकवलं, तो सुब्रह्मण्य! त्याने कॉम्प्युटरचा कोर्स केला म्हणे. कोर्स! मी इथे एकवीस वर्षं आहे, मीच एक कोर्स आहे. त्याने पेढे वाटले. मी दोन घेतले. का सोडायचे?

१७ जानेवारी
पोंगलच्या सुट्ट्या. पोट जड. सायकल पुसली.

२८ जानेवारी, रविवार.
मेहुणा विश्वेश आला. याने गेल्या वर्षी बस स्टँडजवळ ट्रॅव्हल्सचं दुकान काढलंय, एक व्हॅन घेतलीये, आणि तेवढ्यावर सफारी सूट घालून फिरतो. म्हणाला, भावोजी, हल्ली बाहेरच्या टूरिस्टांना देवळं नकोत, सायकलचे रस्ते हवेत, डोंगरदऱ्यांतले. एप्रिलमध्ये पुण्याचा एक ग्रुप येतोय. त्यांना मराठी बोलणारा, सायकल चालवणारा जाणकार माणूस हवाय. मिळेल कुणी?
मी नुसता हसलो. भाग्य चालत दारात येतं तेव्हा असंच सफारी सूट घालून येतं.

६ फेब्रुवारी
कुंभकोणमच्या रद्दीवाल्याकडे कोल्लीमलैचा जुना सर्व्हेचा नकाशा मिळाला. काय नकाशा आहे! डोंगराभोवती तपकिरी रंगाचे किती तरी रस्ते. सगळे वाटोळे, एकाखाली एक, कुठेही एकमेकांना छेदत नाहीत. प्रत्येकाला नंबर दिलेला: सहाशे, सातशे, आठशे. आमच्या कालव्याच्या बांधावरून रस्ता जातो ना, तस्से. आणि लाल रंगाची एकच नागमोडी रेघ, ती बसवाल्यांची. लोक अडाण्यासारखे त्या लाल रेघेने घाट चढत बसतात आणि दम लागला म्हणतात.
माझा रूट ठरला. थोडंसं चढायचं, मग तपकिरी रस्ता नंबर आठशे पकडायचा आणि सगळ्या डोंगराला आरामात प्रदक्षिणा घालायची.
कृष्णवेणीने विचारलं, तिथे माणसं राहत नाहीत तर एवढे रस्ते कुणासाठी बांधले? बायकांना इंग्रजांच्या कामाची कल्पना नसते. मुलीने, शांभवीने, नकाशा बघून काही तरी बोलायला तोंड उघडलं. बी.ए.चं दुसरं वर्ष आहे, परीक्षा डोक्यावर. अभ्यासाला पिटाळली.

१९ फेब्रुवारी
ऑफिसात सर्क्युलर. स्वेच्छानिवृत्ती. महिनाअखेरपर्यंत अर्ज द्यायचा, एकदा दिला की परत घेता येणार नाही. सुब्रह्मण्य टेबलाशी येऊन म्हणाला, घाई करू नका सर, मुलीचं शिक्षण आहे, नीट विचार करा. याला माझी काळजी! माझ्या खुर्चीवर डोळा आहे, दुसरं काय.
विश्वेशला सांगितलं, मी पार्टनर व्हायला तयार आहे. तो म्हणाला, आधी पुण्याची टूर होऊ दे, नोकरी सोडू नका. मेहुणा झाला तरी दुकानदारच. मोठा विचार करायची सवय नाही.

२८ फेब्रुवारी. सकाळी.
काल कृष्णवेणी रडली. पगार बंद झाला तर शांभवीच्या शेवटच्या वर्षाचं काय, म्हणाली. घराण्यात पहिली मुलगी ग्रॅज्युएट होणार, तिचं तेवढं होऊ द्या, मग काय हवं ते चढा. तिला म्हटलं, मुलीला मी फॉरेनला शिकवीन. तिने पदराने डोळे पुसले आणि रसम वाढलं. पटलं असणार.
अर्ज दिला. सही झोकात आली.

१ एप्रिल
परवा सेंड-ऑफ. हार, घड्याळ, केळ्याचे वेफर्स. सुब्रह्मण्य माझ्याबद्दल चांगलं बोलला. ढोंगी कुठला.
सराव थोडा मागे पडलाय. उन्हाळा. पण रूट सपाट असल्यावर सराव करून तरी काय करायचं?

१३ एप्रिल, शनिवार. कोल्लीमलैच्या पायथ्याचं लॉज.
पुण्याची चार माणसं. लीडर एक खासनीसबाई, शाळेत भूगोल शिकवतात, पायाच्या पोटऱ्या दगडासारख्या. मी अस्सल घराण्यातल्या मराठीत स्वागत केलं. त्या हसल्या, म्हणाल्या, किती गोड बोलता हो, अगदी ऐतिहासिक नाटकात आल्यासारखं वाटतं. सोबतच्या तरुणाला तर ठसकाच लागला. पाहुणे आहेत. गिळलं.
शांभवीला व्हॅनमधून पाणी द्यायला म्हणून बरोबर आणलंय. बापाचा पराक्रम एकदा डोळ्यांनी बघू दे.

१४ एप्रिल. तमिळ नवं वर्ष.
लिहायची इच्छा नाही. लिहितो.
घाट लागला. हा चढ पुलासारखा नाही, हा संपत नाही. तिसऱ्या वळणावर उतरलो. खासनीसबाईंना म्हटलं, दृश्य बघा. त्या म्हणाल्या, समोर भिंत आहे. मी म्हटलं, आता एवढ्यात आठशे नंबरचा रस्ता लागेल. लागला नाही. चहाच्या टपरीवर विचारलं, तपकिरी रस्ता कुठाय? टपरीवाली म्हणाली, जन्मापासून इथे आहे, रस्ता हा एकच, उभे आहात तो. मी एका ठिकाणी झुडपं बाजूला केली. काटे होते आणि पलीकडे दरी.
खासनीसबाईंनी नकाशा मागितला. बघितला आणि हसत सुटल्या, इतक्या की दगडावर बसावं लागलं. मग माझ्या तोंडाकडे पाहून गप्प झाल्या. ते हसण्याहून वाईट होतं. दुसरीतल्या पोराला सांगावं तसं हळू आवाजात सांगितलं की हे रस्ते नाहीत, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा आहेत. आठशे हा नंबर नाही, उंची आहे, मीटरमध्ये.
मी म्हटलं, मला माहीत आहे.
शांभवी खाली बघत होती. हिला फेब्रुवारीतच ठाऊक होतं! सांगायचं नाही? नंतर म्हणाली, अप्पा, तुम्ही व्हॅनमध्ये बसा, सायकल मला द्या. वर पोचली ती. सगळ्यांत शेवटी, पण सीटवरून न उतरता. मी व्हॅनमध्ये पाण्याच्या कॅनशेजारी. सत्तरही वळणं बघितली.

२२ एप्रिल
विश्वेशने पार्टनरशिपचा विषयच काढला नाही. मीही काढला नाही. त्याला लाज वाटली असेल.

६ मे
जुन्या ऑफिसात सहज गेलो. अर्ज परत घेता येतो का, असं एका ओळखीच्या माणसाबद्दल विचारलं. सुब्रह्मण्यने कॉफी मागवली. म्हणाला, नाही सर, त्या ओळखीच्या माणसाचं टेबलसुद्धा काढलंय, तिथे कॉम्प्युटर बसतोय. कॉफी चांगली होती. त्याचाच जास्त राग आला.

१७ जून
कॉलेजं उघडली. शांभवी गेली नाही. खासनीसबाईंनी पुण्याला तिचं नाव सांगितलं, आणखी ग्रुप येताहेत, आता विश्वेश तिलाच पाठवतो. म्हणाली, अप्पा, शेवटचं वर्ष काय, पुढेही करता येईल. कृष्णवेणी चुलीकडे तोंड करून उभी राहिली.
तशी मुलीला ही संधी माझ्यामुळेच मिळाली. सायकल कुणी आणली?

३ जुलै
मीही विश्वेशकडे जातो. सल्लागार म्हणून. सकाळी स्टेशनवर रिझर्व्हेशनच्या रांगेत उभं राहायचं आणि तिकिटं लोकांच्या घरी पोचवायची.
गिअरची सायकल शांभवी टूरवर घेऊन गेलीये. तिची जुनी, पुढे टोपली असलेली लेडीज सायकल मला. टोपलीत तिकिटं टाकून आज तिरुवैयारुला गेलो. वेण्णारच्या पुलावर उतरलो आणि हातात धरून चाललो.
यंदा धरणाचं पाणी अजून सुटलेलं नाही. नदीत नुसती वाळू. दृश्य वगैरे काही नव्हतं.
तरी उतरलो.