तेराव्या प्रकरणानंतर

३ जून
आईची पुस्तकांची दोन कपाटं ग्रंथालयाला देऊन टाकली. धूळ गेली, वाळवीची चिंता गेली. तिची आवडती पुस्तकं ई-बुकात घेतली, ती वाचायला एक रीडर आणला. अख्खं कपाट एका हातात! बायकोने विचारलं, आईंना सांगितलंत का. काळाच्या पुढे असणाऱ्याला असले प्रश्न झेलावेच लागतात.

६ जून
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पंधरा दिवस वाचन बंद. म्हणाली, कादंबरी बारा प्रकरणं झालीय, पुढची तू वाचून दाखव. रोज एक, मी शब्द दिला. तेरावं वाचलं. आवाज काय लागला होता!

७ जून
रीडर पलंगावरून पडला, मेला. चूक पलंगाची, फार उंच आहे. हरकत नाही, पुस्तकं क्लाउडवर सुखरूप. दुसऱ्या कंपनीचा, याहून भारी रीडर आणला.

८ जून
भारी रीडर म्हणतो, हा फॉरमॅट ओळखत नाही. जुन्या कंपनीच्या मदतकेंद्रातल्या बाई अतिशय गोड. पुस्तक तुमचंच आहे सर, फक्त आमच्याच यंत्रावर उघडतं. मग तेच यंत्र द्या. ते मॉडेल बंद झालं सर. मोबाइलवर? मराठी अजून नाही सर.
आईला सांगितलं, घसा बसलाय.

९ जून
फॉरमॅट बदलून देणाऱ्या वेबसाइटला शरण गेलो. चौदावं प्रकरण उघडलं! नुसते चौकोन. अधूनमधून एखादी वेलांटी.
आई म्हणाली, घसा बसलाय तर सकाळपासून फोनवर कोण ओरडतंय?

१० जून
मेलेला रीडर समोर धरून चौदावं प्रकरण स्वतःच रचलं. नायिकेच्या काकाला बोटीतून पाडून बुडवलं. आईने भिंतीकडे तोंड केलं. भारावली असणार.

१५ जून
एकोणिसावं. लग्नात अक्षता टाकायला काका हजर. दारात उभी बायको पदर तोंडाला लावून हसली. तिला साहित्यातलं काही कळत नाही.

२१ जून
डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली. आई तडक ग्रंथालयात. तिचीच प्रत घेऊन आली; तिच्या नावावर ग्रंथालयाचा शिक्का. सात दिवसांत परत करायचीय.
म्हणाली, पाचदा वाचलीय रे ही. काका कुठेच बुडत नाही. मनात म्हटलं, बघू तरी कुठवर रेटतोस.

२२ जून
खरं तर शेवट मलाही माहीत नाही. आईला विचारला. पान उलटत म्हणाली, मध्ये बोलू नकोस.
ग्रंथालयाचा सभासद झालो. पुस्तकासाठी आधीच तिघं थांबलेत. ग्रंथपालांना म्हटलं, ही देणगी माझीच. म्हणाले, ओळखलं की. तुम्हीच लवकर उचला, लवकर उचला करत होतात.
माझा नंबर चौथा.