कडंची ओळ

१८ नोव्हें. ७४, बडोदा
आज लसूण लावला. खोलीच्या दारात, डालड्याच्या डब्यात. निघताना शांतानं पदराला बांधून आणलेल्या पाकळ्या. बूड खाली, शेंडा वर, दोनदा सांगितलं, मी लहान पोर असल्यागत. तिकडं कळंब्यात घरामागं तिनं वाफा केलाय. "कडंची ओळ तुमची," म्हणाली. मी आपलं चेष्टेत, "मग मी आल्याबिगार उपटायची न्हाय." हसली न्हाय. लगीन होऊन चार म्हैने न्हाईत तर मी इथं फौंड्रीत.

२५ नोव्हें.
कोंब दिसंना. एक पाकळी उकरून बघितली. मुळं फुटलीती. परत पुरली. खोलीतला शिवाप्पा, शिरोळकडचा, म्हणतो, "रोज उकरून बघ की! झोपू दे की रं तिला."

११ डिसें.
बोटभर पात. दिवसभर भट्टीपुढं भाजायचं, सांजचं गारठायचं. करमत न्हाय.

५ जाने. ७५
पात कापली. खरडा, भाकरी. खोलीभर वास. शांताच्या हाताला असाच यायचा. जेवून हात धुतला न्हाय.

२२ जाने.
परत कापली. शिवाप्पा वराडला, "सगळी पात खाल्लीस तर खाली काय धरंल? तुझं डोस्कं?"
कळतंय. ऱ्हावत न्हाय.

२० फेब्रु.
फोरमनकडं रजा मागितली. "माल जायचाय. आत्ता गेलास तर परत येऊ नको." परत भट्टीवर आलो. जोतिबाच्या यात्रेला बघू. चैत्र लांब न्हाय. लांबच हाय.

९ मार्च
बापू डायवर आला. आमच्या गावचा, गुळाचा ट्रक घेऊन. आल्या आल्या,
"मर्दा, बायको खुळी हाय काय तुझी? सगळा लसूण काढला, जुड्या बांधून टांगला. कडंची ओळ तेवढी तशीच. पात वाळून आडवी झाली. तुझी आई घसा फोडून सांगतीया, गड्डा जमिनीत फुटंल, पाकळ्या सुट्या हुतील, परत कोंब येतील. तर ही आपली, 'आत्ती, त्यांनी सांगितलंय.'"
मी हसलो. बापू न्हाय.
"सकाळी निघतोय. केबिनमधी जागा हाय."
चेष्टा केलती मी. चेष्टाच केलती की.

१० मार्च, सकाळ
डबा उपडा केला. गोटीएवढं गड्डं. पात कापून कापून काय ऱ्हाणार. तरी मातीसकट रुमालात बांधलं. ट्रंक भरली. परत रिकामी केली. परत भरली.
फोरमनला काय बोललो न्हाय. गेलो तर हे काम गेलं. आणि तिकडं तरी काय काम हाय मला?
पर ती ओळ.
शिवाप्पा जेवणाचा डबा घेऊन दारात, कामावर निघालेला. "चल की. का येत न्हाईस म्हणून फोरमनला सांगू काय?"
कोपऱ्यावर बापूनं हॉर्न मारला.
मी अजून अनवाणीच. फौंड्रीचे बूट एकीकडं, गावाकडच्या चपला एकीकडं. रुमालाला वास यायलाय.