मोकळ्या हवेतलं शून्य

४ मार्च
रुजू झालो. जागा झकास! शेडमध्ये भंगारात काढलेल्या विमानाचा मधला तुकडा ठेवलाय. खुर्च्या, पट्टे, लंबगोल खिडक्या, सगळं शाबूत. आमचं काम साबणाच्या डबीएवढं यंत्र बनवायचं, विमानातली हवा घाण झाली की ओळखणारं. दोन वर्षं इथली मंडळी नुसत्या पाट्या टाकतायत. दार बंद केलं की आत कुणी नसतानाही डबी म्हणे कार्बन डायऑक्साइड वाढल्याचं दाखवते. आठवड्यात निस्तरतो.

५ मार्च
प्रमुख बाई नाकाने कांदे सोलतात. त्यांचा नियम असा की डबीचं शून्य अंगणात, मोकळ्या हवेतच लावायचं. शून्य लावलं की त्या वेळची हवा डबी स्वच्छ धरते, एवढं मलाही कळतं. पण रोज काय ते हेलपाटे! सहकाऱ्याचं नाव मी गोगलगाय ठेवलंय. तो हळूच सांगत होता, या विमानात धूर कोंडून प्रवासी बसल्या जागी गुदमरले होते. म्हणून ते रिकामं असलं तरी... पुढे बोलायची छाती नाही. इंजिनिअर म्हणे! मी तोंडावर हसलो.

९ मार्च
आकडा खरंच चढतो. हिशेब केला, तर चाळीसेक माणसं श्वास घेत असावीत इतका. खुर्च्याही तेवढ्याच. गोगलगायीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सेन्सर भिकार आहे, दुसरं काय!

११ मार्च
सोडवलं! बाई रजेवर होत्या. बंद विमानात आकडा पुरता चढू दिला आणि बाहेरून कळ दाबून तिथेच शून्य लावलं. डबी गप्प. एवढं साधं यांच्या टाळक्यात शिरलं नाही. ताज्या हवेचा पंखाही डबीला जोडलाय, ती घाण म्हणेल तेव्हाच फिरेल. उद्या मी स्वतः आत बसणार. हवा गळू नये म्हणून दार बाहेरून आवळायचं. गोगलगायीला बजावलं, पडद्यावरचा आकडा बघायचा, आतल्या माणसाचं तोंड नाही. माणसं उगाच घाबरतात.

१२ मार्च, सकाळी
आत बसलो. दार आवळलं. डबीचा दिवा हिरवा. बाई परवा परत येतील तेव्हा त्यांचं तोंड बघायचंय मला. पुढच्या खुर्चीवरचं कापड हलतंय, वर-खाली. पंख्याचा वारा असेल.
पंखा बंद आहे.

थोड्या वेळाने
डोकं जड झालंय. हवा उबट, कुणीतरी वापरून टाकल्यासारखी. खिडक्यांवर आतून वाफ, प्रत्येक खुर्चीशेजारी एक ठिपका. दिवा हिरवाच. मूर्ख मी, ठार मूर्ख — डबीला त्यांचा श्वासच स्वच्छ धरायला लावला —

नंतर
भीती वाटते. खिडकीवरची वाफ पुसली, दारावर लाथा घातल्या. गोगलगायीने वर बघितलं, मग पडद्याकडे. अंगठा उंचावून हसला. हिरवं आहे ना! गाढवा, माझ्या तोंडाकडे बघ — पण मीच तर —

बोटं वळत नाहीत
श्वास रोखून पाहिला. आवाज माझा असेल म्हणून. नाही. शेजारी कुणीतरी घेतंय. सावकाश. माझ्या वाट्याचा —

पट्टा लागला. मी नाही लाव